दीड दिवसाचं बुडापेस्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्य युरोपच्या सहलीवर लेख आला होता. माझ्या भावाने मिरजेहून त्याचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं : ‘तुझ्या गावाला दीड दिवस दिलाय.’ खरंच की. व्हिएन्नाला तीन दिवस, प्रागला तीन आणि बुडापेस्टला दीड. दीड दिवसाचा गणपतीसुद्धा आपण आरत्या म्हणून, मोदक करून बसवतो. या लेखातल्या बुडापेस्टला तेवढंही नशीब नाही. दुपारी बस थांबली, संसदेसमोर फोटो, रात्री बोटीतून दिवे, सकाळी गरम पाण्याचे हौद बाहेरून दाखवले आणि बस निघाली पुढच्या देशात.

मी २००८ च्या जानेवारीत नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. हंगेरी शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसांत सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. तेव्हापासून शहराच्या आठव्या जिल्ह्यात, म्हणजे योझेफवारोश भागात राहते. लेखातल्या चार-पाच गोष्टी इतक्या चुकीच्या आहेत की त्या वाचून उन्हाळ्यात येणाऱ्या माणसांची फजिती होईल, म्हणून हे पत्र. लांबलंय. कापायचं असेल तर कापा, पण गोमांसाचं तेवढं ठेवा.

ते आधीच सांगते. ‘गुलाश म्हणजे मटणाचा दाट रस्सा, आपल्या कोल्हापुरीची आठवण झाली’ असं लेखकाने लिहिलंय. हंगेरीत ‘गुयाश’ हे पातळ सूप असतं, बटाटे-गाजर घातलेलं, आणि ते बहुतेक वेळा गोमांसाचं असतं. ‘गुया’ म्हणजे गुरांचा कळप, ‘गुयाश’ म्हणजे गुराखी. गुराख्यांनी माळावर कढईत शिजवलेलं ते हे सूप. लेखकाने जो दाट रस्सा खाल्ला त्याला इथे ‘पर्कल्ट’ म्हणतात, आणि तोही मटणाचा असण्याची शक्यता कमीच, कारण इथल्या साध्या खाणावळीत मटण क्वचितच मिळतं. तेव्हा ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी तीन शब्द पाठ करून यावं : ‘मार्हा’ म्हणजे गुराचं मांस, ‘शेर्तेश’ म्हणजे डुकराचं आणि ‘चिर्के’ म्हणजे कोंबडी. मेन्यूत हे तीन शब्द ओळखता आले तर अर्धी काळजी मिटते.

शाकाहारी मंडळींसाठी ‘नेम एसेम हूश्त’, म्हणजे मी मांस खात नाही. पण एवढ्यावर विसंबू नका. वेटरच्या लेखी वरून भुरभुरलेले डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे म्हणजे मांस नव्हे, ती सजावट. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी चीज घातलेल्या शेवया मागवल्या आणि वर तीच सजावट आली. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मी दही आणि पाव खाते.’ दही खरं तर नव्हतं, ‘तेयफोल’ होतं, म्हणजे आंबट घट्ट साय. पण त्यांना ते इतकं आवडलं की पुढचे तीन आठवडे घरात भाकरीबरोबर तेच चाललं.

खायला मिळतं, नाही असं नाही. तळलेलं चीज आणि तळलेल्या अळंब्या सगळीकडे असतात. ‘फोझेलेक’ म्हणजे एकाच भाजीची दाटसर आमटी म्हणा ना : वाटाण्याची, पालकाची, मसुराची, दुधी-भोपळ्याच्या कुळातल्या भाजीची शेपू घालून. वर मांसाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे, तो नको म्हणून सांगायचं. उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंडगार गोड सूप जेवणाच्या सुरुवातीला देतात. पहिल्यांदा विचित्र वाटतं. खसखस तर हे लोक आपल्यापेक्षा सढळ हाताने वापरतात. शेवयांवर काळ्या खसखशीचा नि पिठीसाखरेचा थर देऊन ते रात्रीचं जेवण म्हणून खातात. रस्त्यावर ‘लांगोश’ खा : तळलेली जाड पुरी, वर लसणाचं पाणी, तेयफोल आणि किसलेलं चीज. एक दोघांत पुरते. आणि कुठल्याही दुकानाच्या थंड कपाटात लाल ठिपक्यांच्या वेष्टनातला ‘तुरो रुदी’ मिळतो, चॉकलेटच्या पातळ कवचात चक्क्यासारखा आंबूस पदार्थ. इथली पोरं त्याच्यावर वाढली आहेत. माझाही मुलगा.

आता पपरिका. ‘नाव मोठं, तिखट शून्य’ असा शेरा लेखात आहे. मिरज-सांगलीकडच्या माणसाला हे एका शब्दात कळेल : ब्याडगी. रंग हवा म्हणून ब्याडगी, तिखट हवं म्हणून दुसरी मिरची, हे आपल्या घरात वर्षाच्या चटणीला ठरलेलं असतं. इथेही तेच. पाकिटावर ‘एदेश’ असेल तर गोड, ‘चीपोश’ असेल तर तिखट. सेगेद आणि कालोचा ही दोन गावं तिच्यासाठी नावाजलेली. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, इथे ती तुर्कांच्या वाटेने आली असं मानतात. सेगेदच्याच विद्यापीठातल्या आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी या मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरी नेलीत तर एक पथ्य आहे. कांदा परतून झाला की भांडं आचेवरून खाली उतरवायचं, मगच पपरिका घालायची आणि लगेच पाणी. तिच्यात साखर असते, क्षणात करपून कडू होते. मी पहिल्यांदा आपल्या सवयीने चांगल्या तापल्या तेलात घातली होती. सगळी भाजी फेकावी लागली.

लेखातल्या ज्या वाक्याने मला खरं तर हे पत्र लिहायला बसवलं ते असं : ‘हंगेरियन माणसं तुसडी, हसत नाहीत.’

पहिल्या वर्षी माझंही हेच मत होतं. आमच्या इमारतीखाली भाजीचं छोटं दुकान होतं. मी रोज जायची, टोमॅटोकडे बोट दाखवायची, एक बोट वर करायची म्हणजे एक किलो, पैसे द्यायची आणि निघायची. दुकानातल्या बाई माझ्याकडे अशा बघायच्या जणू मी टोमॅटो चोरून नेतेय. एकदा वरच्या मजल्यावरच्या नेनी माझ्याबरोबर होत्या. (‘नेनी’ म्हणजे आपल्या काकू. पुरुष असेल तर ‘बाची’.) बाहेर पडल्यावर त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. तेव्हा माझं हंगेरियन दहा शब्दांचं होतं, तरी त्यांचं म्हणणं पोचलं : ‘तू आत शिरलीस आणि काहीच बोलली नाहीस. त्या भिंत आहेत का?’

इथे दुकानात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, आगगाडीच्या डब्यात, कुठेही शिरलात की आधी ‘यो नॉपोत किवानोक’ म्हणायचं आणि निघताना ‘विसोन्तलाताश्रा’. कोणा एकाला नव्हे, जे असतील त्या सगळ्यांना. औषधाच्या दुकानात रांगेतला माणूससुद्धा असा हवेत नमस्कार सोडतो आणि चार जण पुटपुटत परत करतात. आपल्याला याची सवय नाही. आपण एसटीत बसलो की शेजाऱ्याला थेट ‘कुठं निघालात?’ विचारतो, तोच आपला नमस्कार. इथे तो प्रश्न आगाऊपणाचा आणि न बोलता आत शिरणं उद्धटपणाचं. दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या दारातच ते लांबलचक वाक्य म्हटलं. बाईंनी मान वर केली, माझे उच्चार दुरुस्त केले, दोनदा म्हणवून घेतले आणि एक पीच पिशवीत फुकट टाकलं.

उच्चारांची एक किल्ली सांगते. यांच्या लिपीतला साधा ‘एस’ म्हणजे आपला श. स हवा असेल तर ‘एस’च्या पुढे ‘झेड’ जोडतात. म्हणून इथले लोक गावाला बुडापेश्त म्हणतात. तुम्ही छापा बुडापेस्टच, सवय झाली आहे. ही भाषा युरोपातल्या बहुतेक भाषांच्या गोतावळ्यातली नाही, तिचे लांबचे नातेवाईक फिनलंड आणि एस्तोनियात. त्यामुळे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, कशाचाच आधार मिळत नाही. लिंगभेद तर मुळीच नाही. तो आणि ती या दोघांना एकच शब्द. आपल्याकडे टेबलालासुद्धा लिंग! माझा मुलगा लहान असताना मराठीत ‘बाबा आली’ म्हणायचा ते यामुळेच. पण तू आणि तुम्ही हा भेद मात्र आहे, अगदी आपल्यासारखा, आणि ‘मला तू म्हण’ असं मोठ्या माणसाने आपण होऊन म्हणायचं असतं. लहान मुलं बायकांना ‘चोकोलोम’ म्हणतात, म्हणजे ‘तुमच्या हाताचं चुंबन घेतो’. जिन्यात एका पोराने मला पहिल्यांदा चोकोलोम घातला तेव्हा मी एकोणतिशीची होते. मिरजेत पहिल्यांदा कोणी काकू म्हटलं होतं तेव्हा जेवढं लागलं, तेवढंच लागलं.

आडनाव आधी, नाव नंतर. शाळेच्या हजेरीपटासारखं. जगाला फ्रांझ लिस्ट म्हणून माहीत असलेला संगीतकार इथे लिस्त फेरेंत्स असतो आणि विमानतळावर तेच नाव आहे. हॉटेलात तुम्हाला कोणी आडनावाने हाक मारून ते तुमचं नाव समजत असेल तर रागावू नका. आणि ‘तुम्ही कुठले?’ विचारलं तर ‘इंदिआई’ म्हणा. ‘इंदिआन’ म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. माझ्या नवऱ्याने कार्यालयात पहिल्या दिवशी आपण इंदिआन असल्याचं जाहीर केलं होतं, पुढे वर्षभर त्याला घोड्याबद्दल विचारत होते.

राहायला मोठं हॉटेल घेण्यापेक्षा पेश्तच्या, म्हणजे डॅन्यूब नदीच्या पूर्वेकडच्या भागातल्या, जुन्या इमारतीतली खोली घ्या. मधे अंगण, चारी बाजूंनी मजल्यांना लोखंडी कठड्याचे सज्जे, सगळ्यांची दारं सज्ज्यावर उघडणारी. गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसाला इथे क्षणभर पत्ता चुकल्यासारखं वाटेल. या सज्ज्याला लोक ‘गांग’ म्हणतात. आमच्या अंगणात गालिचे झटकायची लोखंडी चौकट अजून आहे, आणि दुपारच्या वेळी झटकलं तर कोण ओरडणार हेही ठरलेलं आहे. सामायिक गच्चीवर वाळवणं नसतात, पण जूनमध्ये गांगवर बरण्या येतात.

त्या बरण्या बघायला तरी जूनच्या अखेरीस या. मोठ्या काचेच्या बरणीत बोटभर लांबीच्या कोवळ्या काकड्या, भरल्या वांग्याला देतो तशा चिरा दिलेल्या, उभ्या रचतात. मधे शेपूचे फुलोऱ्यासकट दांडे, लसणाच्या पाकळ्या. वरून मिठाचं कोमट पाणी. मग पावाची जाड फोड तोंडावर ठेवायची, वर बशी, आणि बरणी उन्हात. व्हिनेगर नाही, तेल नाही. तीन-चार दिवसांत पाणी पातळ ताकासारखं गढूळ होतं, पाव फुगून सगळं आंबवतो, आणि काकडीला जो आंबटपणा येतो तो दुसऱ्या कशाला येत नाही. ते पाणीसुद्धा गाळून पितात. आमच्या नेनींचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी त्यांच्या दारात ऊन असतं, बारानंतर आमच्या. त्यामुळे बरणी दुपारी माझ्या ताब्यात येते आणि चार वाजता मी ती परत वर नेऊन देते. एका वर्षी मी न सांगता त्यात दोन हिरव्या मिरच्या टाकल्या. नेनींनी पहिली काकडी चावली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी बरणी माझ्याकडे देताना झाकणावरच्या बशीखाली दोन मिरच्या ठेवलेल्या होत्या.

प्रेक्षणीय स्थळांची यादी तुमच्या लेखात आहे, ती मी पुन्हा देत नाही. संसद सुंदरच आहे, तिच्या घुमटाची उंची ९६ मीटर, तेवढीच संत इश्तवानच्या चर्चची, कारण मॉज्यार, म्हणजे हंगेरियन लोकांच्या पूर्वजांच्या, टोळ्या ८९६ साली या भूमीत आल्या असं मानतात. बुडा आणि पेश्त ही दोन वेगळी गावं १८७३ मध्ये ओबुडासकट एक झाली. बोटीच्या तिकिटाला पैसे घालण्याआधी दोन नंबरच्या ट्रॅमने नदीकाठाने एक फेरी मारा, तेच सगळं दिसतं.

ट्रॅमवरून तिकिटाचं आठवलं. गेल्या वर्षी सप्टेंबरात एका मेट्रो स्थानकाबाहेर मला मराठी ऐकू आलं. नाशिककडचं साठीतलं जोडपं, काकांच्या हातात तिकिटं, समोर दंडाला पट्टी बांधलेले दोन तपासनीस. तिकिटं खरीच होती, पण यंत्रात घालून शिक्का मारलेली नव्हती. ‘अहो, पैसे भरलेत आम्ही!’ काका मराठीतच सांगत होते. मी मध्ये पडले, काही उपयोग झाला नाही, दंड भरावा लागला, तिकिटाच्या कित्येक पट. तेव्हा कागदी तिकीट असेल तर मेट्रोत जिन्याच्या तोंडाशी आणि ट्रॅम-बसमध्ये आत चढल्याबरोबर यंत्रात घाला. एका तिकिटावर मेट्रोतून मेट्रोत बदलता येतं, ट्रॅमसाठी दुसरं लागतं. दोन दिवसांहून जास्त राहणार असाल तर पासच घ्या, शिक्क्याची कटकट नको. विमानतळावरून थेट शहराच्या मध्यात येणाऱ्या शंभर-ई बसला साधं तिकीट चालत नाही, वेगळं घ्यावं लागतं; दोनशे-ई बसला चालतं, पण ती मेट्रोच्या टोकाला सोडते. टॅक्सी पिवळीच घ्या, दर शहराने ठरवलेला असतो.

त्या पिवळ्या पहिल्या मेट्रोत मात्र एकदा बसाच. १८९६ ची आहे, लंडन सोडलं तर युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी. रस्त्याखाली जेमतेम काही पायऱ्या उतरलं की फलाट, पांढऱ्या फरशा, लाकडी चौकटी. पण बहुतेक ठिकाणी दोन दिशांचे जिने वेगळे, रस्त्याच्या दोन बाजूंना. चुकीच्या बाजूने उतरलात तर आतून पलीकडे जाता येत नाही, परत वर या, रस्ता ओलांडा. मी अजून चुकते.

पैसे फोरिंटमध्ये. युरो काही ठिकाणी घेतात, पण आपल्या सोयीच्या भावाने. कार्ड यंत्रात घातल्यावर ‘तुमच्या चलनात की फोरिंटमध्ये’ असं विचारतात, तिथे न चुकता फोरिंट दाबा. खानावळीत बिलावर ‘सेर्विझदीय’ लिहिलं असेल तर बक्षिसी त्यातच आली. आणि रोख देताना एक जपा : नोट पुढे करत ‘कोसोनोम’ म्हणजे धन्यवाद म्हटलंत, तर त्याचा अर्थ ‘सुटे ठेवून घ्या’. माझे भाऊजी सभ्य माणूस, दहा हजाराची नोट देत हसून कोसोनोम म्हणाले, आणि अडीच हजारांच्या बिलावर वेटर त्यांच्याहून सभ्यपणे हसला. आधी सुटे घ्या, मग आभार माना.

गरम पाण्याचे हौद बाहेरून बघणं म्हणजे मिसळीचा फोटो बघणं. सेचेनी सगळ्यात मोठं, १९१३ पासून चालू. तिथलं पाणी जमिनीतून सत्तर अंशांहून जास्त तापमानाचं येतं, निववून हौदात सोडतात. रुदाश तुर्कांच्या काळातलं, सोळाव्या शतकातलं. बुडावर १५४१ ते १६८६ तुर्कांचं राज्य होतं. थंडीत जा. डोक्यावर बर्फ, मानेपर्यंत ऊन पाणी, समोर दोन म्हातारे पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतायत. बायकांनी संकोच करू नये, कोणी कोणाकडे बघत नाही. फक्त सलवार-कमीज किंवा सुती कपड्यांत उतरू देत नाहीत, पोहण्याच्या कापडाचा पोशाख, रबरी चपला, टॉवेल घरून आणा. पोहण्याच्या तलावात डोक्याला टोपी लागते.

संसदेपासून थोडं खाली नदीच्या काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत, २००५ मध्ये बसवलेले. बायकांचे टाचेचे, पुरुषांचे बंदांचे, एखादा अगदी लहान मुलाचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतल्याच नाझी साथीदारांनी ज्यूंना या काठावर आणलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत पाडलं. लोक तिथे मेणबत्त्या, खडे ठेवतात. मागच्या मे महिन्यात एका सहलीतली मुलगी आपला पाय त्यातल्या एका बुटात घालून फोटो काढून घेत होती, मराठीत ‘अगं माझ्या मापाचा आहे’ म्हणत. तिला माहीत नव्हतं. तिच्या मार्गदर्शकाने सांगायला हवं होतं, तो बसमध्ये बसला होता.

‘जिप्सींपासून जपा’ ही सूचनाही तुमच्या लेखात चौकटीत आहे. पाकीट गर्दीच्या ट्रॅममध्ये जपावं, दादरला जपतो तसं. पण मी ज्या जिल्ह्यात राहते तिथे रोमा, म्हणजे लेखाच्या भाषेत जिप्सी, वस्ती बरीच आहे, त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन वाजवणारी घराणी आहेत, आणि त्यांची मूळ भाषा आपल्याच देशातून निघालेली आहे. आता त्यांच्यातले बहुतेक जण हंगेरियनच बोलतात. तरी राकोत्सी चौकातल्या मंडईत एका वयस्क बाईंनी मला बोटं मोजून दाखवली : येक, दुय, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला पानी, नाकाला नाक. इथल्या तरुणांच्या बोलीत खाण्याला ‘काया’ आणि दारूला ‘पिआ’ म्हणतात, ते शब्दही रोमांकडूनच आलेले. आपलं खाणं-पिणंच ते. या बाईंपासून मी काय जपू?

(ती राकोत्सी चौकातली मंडईच बघा. नदीकाठची मोठी मंडईही १८९७ चीच आणि इमारत देखणी, पण तिचा वरचा मजला आता निव्वळ पर्यटकांचा झालाय. तिथे गेलातच तर तळघरातली लोणची बघून या, बरणीत भाज्यांचे हसरे चेहरे रचलेले असतात.)

भारताशी नातं म्हणाल तर अमृता शेरगिल १९१३ मध्ये याच शहरात जन्मली, आई हंगेरियन. आणि कोरोशी चोमा शांदोर नावाचा माणूस मॉज्यारांचं मूळ शोधायला आशियात निघाला, बराच पायीच. मूळ सापडलं नाही, पण तिबेटी-इंग्रजी कोश करून बसला, तो १८३४ मध्ये कलकत्त्यात छापला, आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला वारला. हे त्याचं नाव मी इथे येईपर्यंत ऐकलं नव्हतं, इथल्या शाळेत प्रत्येक पोराला माहीत असतं. एक दिवस जास्त काढलात तर आगगाडीने बालातोन तळ्याकाठी बालातोनफ्युरेदला जा. रवींद्रनाथ १९२६ मध्ये आजारी पडून तिथल्या रुग्णालयात राहिले होते, त्यांनी लावलेलं लिंडनचं झाड आणि त्यांच्या नावाचा तळ्याकाठचा रस्ता आहे. दक्षिण किनाऱ्यावर पाणी इतकं उथळ की न पोहणाऱ्यानेही खुशाल आत चालत जावं.

कधी येऊ नये तेही सांगते. २४ डिसेंबरला दुपारनंतर दुकानं, खानावळी, हळूहळू ट्रॅमही बंद होतात. सगळे आपापल्या घरी मासळीचं सूप आणि खसखशीचे रोल खात बसतात. हॉटेलातल्या बिस्किटांवर रात्र काढावी लागेल. त्यापेक्षा इस्टरच्या सोमवारी या. पुरुष दारोदार जाऊन बायकांवर अत्तर शिंपडतात, चार ओळी म्हणतात आणि रंगवलेलं अंडं घेऊन जातात. होलोकोसारख्या खेड्यात अत्तराऐवजी थेट बादली. नऊवारी नेसलेल्या माझ्या आईवर आमच्या इमारतीतल्या सत्तर वर्षांच्या बाचींनी अत्तर शिंपडलं होतं. तिने त्यांना अंड्याऐवजी बेसनाचा लाडू दिला, कारण अंड्याला ती हात लावत नाही. पुढच्या वर्षी ते आधी माझ्या दारात आले आणि ‘तो पिवळा गोळा आहे का’ विचारलं.

राहिलं तुसडेपणाचं. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधून निसटलेले आपले वैद्यकीय विद्यार्थी झाहोनीची हद्द ओलांडून आगगाडीने बुडापेस्टला येत होते आणि इथून विमानाने भारतात जात होते. आम्ही काही मराठी बायका न्युगाती स्थानकावर खिचडीचे डबे घेऊन जायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेलं घेऊन जिना उतरत होते, तर पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांनी चौदा वर्षांत मला यो नॉपोतपलीकडे एक शब्द ऐकवला नव्हता, माझ्या हातातून पातेलं घेऊन चालू लागले. स्थानकात पोचेपर्यंत काही बोलले नाहीत. हसलेही नाहीत. लातूरच्या एका पोराच्या पायात फाटके बूट होते. ते बघून घरी गेले, आपले घेऊन आले, आणि मापाला बसतात का ते खाली बसून अंगठा दाबून पाहिलं.

पुढची पुरवणी काढाल तेव्हा किमान चार दिवस लिहा.

आपली,
जुनी वाचक
(बुडापेस्ट, मूळ गाव मिरज)

ता. क. स्वच्छतागृहाच्या दारावर नुसतं ‘एफ’ अक्षर दिसलं तर बायकांनी आत जाऊ नये. ‘फेर्फी’ म्हणजे पुरुष. ‘एन’ आपलं, ‘न्योई’. माझी मावशी ‘एफ’मध्ये शिरली आणि आतल्या माणसाला घाबरून ‘यो नॉपोत किवानोक’ म्हणाली. त्यानेही वळून अदबीने परत केलं.